अवचित दिसलेलं : नाशिक परिसरातल्या नोंदींचा धागा

गोदाकाठ · १९ जानेवारी, रात्री १०:४०

काल निफाडजवळ नणंदेच्या मळ्यात ऊसतोड चालू होती. सकाळी सव्वानऊच्या सुमाराला तोडणी फडाच्या मधोमध पोचली आणि पुढची बाई कोयता टाकून मागे सरली. "बिबट्याची पिल्लं!" दोन मिनिटांत सगळा फड रिकामा झाला. मागची जोडपी आपली पोरं उचलून थेट ट्रॉलीवर चढली.

पाचटात दोन पिल्लं होती. नणंदेच्या दिरांबरोबर मी दहा-बारा फुटांवरून ती पाहिली. दोन्ही मिळून एका ओंजळीत मावली असती. पाठीवर ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर उभ्या पांढऱ्या रेघा, आणि शेपटीवर एकही ठिपका नाही. बिबट्याचं पिल्लू याहून चांगलंच दांडगं असतं, आणि त्याचे ठिपके शेपटीवरही असतात. ही वाघाटीची पिल्लं होती. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा फार तर एक-दीड किलो भरते.

वनखात्याच्या १९२६ वर फोन केला. पिल्लांना हात लावू नका, तेवढा तुकडा उभा राहू द्या आणि माणसं लांब ठेवा, असं त्यांनी सांगितलं. मुकादमांनी कुरकुर न करता आठ सऱ्या सोडून पलीकडून तोड लावली. संध्याकाळी वनरक्षक आले, कॅमेरा बांधला आणि आम्हाला सगळ्यांना घरी पाठवलं. ७:५० ला मादी आली. एक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली, दुसऱ्यासाठी वीस मिनिटांनी परत आली. आज सकाळी ते चित्रण पाहताना आमच्यातलं कोणीच बोलत नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अशी पिल्लं आधीही निघायची की उसात. आम्ही वाघाचीच समजायचो." आधी म्हणजे कधी? किती वेळा? मग त्यांचं काय व्हायचं? त्यांना आठवेना. सासरे असते तर कदाचित सांगितलं असतं. चाळीस वर्षं त्यांच्या मळ्यात माणसं राबली, त्यांनी ते जनावर पाहिलं, आणि त्यातलं एक अक्षरही कुठे उरलेलं नाही. रात्री मला झोप आली नाही ती यामुळे.

म्हणून हा धागा. नाशिक आणि आसपास तुम्हाला अचानक जे दिसलं ते इथे लिहा. मुद्दाम जंगलात जाऊन पाहिलेलंच हवं असं नाही. गच्चीवरून, बसमधून, बाजारात, कशात का दिसेना. दिवस, वेळ, ठिकाण आणि ते काय करत होतं एवढं पुरे. फोटो नसला तरी चालेल.

---

निफाडकर · १९ जानेवारी, रात्री ११:२५

ताई, आठ सऱ्या सोडल्या त्यांना माझा नमस्कार सांगा. तोडीच्या दिवसात हे सोपं नसतं, कारखान्याची गाडी उभी असते.

माझी द्राक्षबाग आहे. आम्हाला फवारणीची वही ठेवावीच लागते. निर्यातीचा माल असला की कोणतं औषध, किती मारलं, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस राहिले, सगळं लिहावं लागतं. त्याच वहीच्या कडेला मी पाखरांचं लिहीत आलोय. कोणी सांगितलं म्हणून नाही, पेन हातात असतो म्हणून. तुमचं वाचून आत्ता जुन्या वह्या काढल्या. भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) पहिला थवा तीन वर्षं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आलाय. एक वर्ष मात्र सप्टेंबर उजाडला होता. एका एप्रिलला खरड छाटणीत एका वेलावर बुलबुलाचं घरटं निघालं, तो वेल मी छाटायचा ठेवला. त्याचीही नोंद आहे : "ओळ १४, वेल ९, अंडी ३, छाटू नये." खाली बायकोच्या अक्षरात : "पिल्लं उडाली."

---

पाणथळ · २० जानेवारी, सकाळी ७:१०

निफाडकर, त्या वह्या रद्दीत घालू नका. एक तारीख ही नुसती आठवण असते. सहा वर्षांच्या तारखा एकाखाली एक आल्या की त्या काहीतरी सांगायला लागतात. आणि तुमच्या वहीत पाऊस, फवारणी आणि पाखरं एकाच पानावर आहेत. असं पान पक्षीनिरीक्षकांच्या वह्यांत सापडत नाही.

मी बरीच वर्षं नांदूरमध्यमेश्वरला जातो. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे ब्रिटिशांच्या काळात दगडी बंधारा घातला. त्यामागे गाळ साठत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणकणीस माजलं, आणि पाखरांचं राज्य वसलं. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. म्हणजे पाण्यासाठी घातलेल्या बांधानं नकळत घडवलेली ही जागा आहे.

चापडगावच्या मनोऱ्यावर हिवाळ्यात गर्दी असते. बहुतेकांना रोहित (फ्लेमिंगो) हवा असतो. तो दिसला नाही की "आज काहीच नव्हतं" म्हणत लोक गाडीत बसतात. समोर तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक आणि शेकड्यांनी वारकरी पोहत असतात. सुरुवातीची दोन वर्षं मीही असाच वागलो, म्हणून कळकळीनं सांगतो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना शेवटी एक प्रश्न येतो : ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? त्याला "हो" म्हणता आलं पाहिजे. साळुंकी आणि कावळासुद्धा लिहिलेला असेल, तरच यादीत नसलेला पक्षी त्या दिवशी दिसलाच नाही असं म्हणता येतं. नुसती दुर्मीळ पाखरं लिहिणाऱ्याच्या यादीवरून हे कधीच कळत नाही. चिमण्या कमी झाल्या असं आपण सगळे म्हणतो, पण चिमण्या भरपूर होत्या तेव्हा त्या कोणी मोजल्या होत्या?

---

जुना_नाशिककर · २१ जानेवारी, दुपारी ४:०५

वय वर्षे ७४. हा माझा पहिलाच प्रतिसाद, टंकताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

गोदाकाठ यांनी सासूबाईंचं लिहिलं ते मला लागलं, कारण मी त्याच जागी उभा आहे. मी लहान असताना गावाबाहेर मेलेली जनावरं टाकत. तिथे गिधाडं उतरायची. दहा-वीस नव्हेत, जमीन दिसू नये इतकी. पोट भरल्यावर त्यांना उडताही यायचं नाही, पंख पसरून उड्या मारत लांब जायची. आम्ही मुलं शाळेतून येताना उभे राहून पाहायचो. पुढे नोकरी, संसार. कधीतरी लक्षात आलं की आकाशात घारी आहेत, गिधाडं नाहीत. कोणत्या साली थांबली? मला सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत गेली आणि मला जाताना दिसली नाहीत.

माझ्या आठवणीचा आता काही उपयोग आहे का? तारीख नाही, संख्या नाही.

---

पाणथळ · २१ जानेवारी, सायंकाळी ६:३०

काका, उपयोग आहे. फक्त आठवण ही आठवण म्हणूनच लिहायची. वर्ष नेमकं माहीत नसेल तर "अमुक सालापासून तमुक सालापर्यंत, शाळेत असताना" असं लिहा. संख्या अंदाजानं भरू नका. "जमीन दिसू नये इतकी" हे तुमचे शब्द तसेच राहू देत. जागा मात्र नेमकी लिहा, कारण ती तुम्हाला पक्की माहीत आहे.

गिधाडं थांबली त्याचं कारण आता कळलेलं आहे. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचत. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतात २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद केलं. तोपर्यंत शंभरातली पंचाण्णवहून जास्त गिधाडं गेली होती. लांब चोचीची गिधाडं अजून अंजनेरीच्या कड्यांवर आहेत. तुम्हाला चढवत नसेल तर पायथ्यापर्यंत मी गाडीनं नेतो. दुर्बीण माझ्याकडे आहे.

---

निफाडकर · २१ जानेवारी, रात्री ९:००

काका, जरूर जा. आणि काय दिसलं ते इथे लिहा.

---

घाटचालक · २ फेब्रुवारी, रात्री १:१५

नाशिक-पेठ रस्त्यावर गाडी चालवतो. सावळघाट, कोटंबी घाट रोजचे. रात्रीच्या फेरीला जनावर दिसतं पण थांबता येत नाही, मागे प्रवासी असतात. म्हणून मी फक्त किलोमीटरचा दगड लक्षात ठेवतो आणि मुक्कामाला पोचलो की लिहितो. गेल्या महिन्यात :

उदमांजर, मेलेलं, एक. ससे, मेलेले, दोन, एकाच वळणावर. तरस, जिवंत, रात्री ११:४०, रस्ता ओलांडून डाव्या हाताच्या दरीत उतरलं, मागचे पाय खाली झुकल्यासारखे. घुबड रस्त्यावर बसलेलं, हॉर्नला उठलं नाही, दिवे बारीक केले तेव्हा उठलं.

मेलेल्याची नोंद चालते का इथे?

---

गोदाकाठ · २ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

दादा, चालते. मी तर म्हणेन, आधी तीच लिहा. जिवंत जनावर कोणालाही कुठेही दिसेल. एकाच वळणावर पुन्हा पुन्हा मरतंय याचा अर्थ तिथून त्यांची वाट जाते. तुम्ही महिनाभर दगड लिहून ठेवलेत तर ती वाट कागदावर उमटेल, आणि मग त्या वळणावर फलक किंवा गतिरोधक मागताना हातात काहीतरी असेल.

दिवे बारीक केल्यावर घुबड उठलं, हे आम्हा सगळ्यांच्या कामाचं आहे. प्रखर झोतात ते दिपून जागीच बसून राहतं.

---

केतकी_पंचवटी · ९ जून, दुपारी १२:५०

धागा मागे पडला होता, वर आणते.

आज सकाळी बाजारात शेवळं आली! त्र्यंबकच्या बाजूच्या दोन मावश्या पाटीत घेऊन बसल्या होत्या, बरोबर काकडं होतीच. (नवीन लोकांसाठी : शेवळाची भाजी घशात खवखवते, ती मोडायला काकडाची आंबट फळं घालतात. काकडं नसतील तर शेवळं घेऊ नका.) मावशी म्हणाल्या, परवाच्या वळवानं कोंब वर आले.

ही नोंद या धाग्यात बसेल का यावर मी थोडा विचार केला. पण शेवळं पेरलेली नसतात. जमिनीतला कंद पहिला पाऊस ओळखतो आणि आठवड्याभरात पाटी बाजारात येते. शेवळं, मग टाकळा, मग करटुली, मग चाईचा मोहर. या पहिल्या पाट्यांच्या तारखा लिहिल्या तर तो पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पावसाचाच हिशेब आहे. मी मंडईत रोज जाते, या वर्षीपासून लिहिणार. मावश्यांना त्यांच्या पाड्यावर कोंब कधी दिसले तेही विचारणार, कारण खरी नोंद त्यांची आहे, माझी नुसती पिशवीतली.

कालचं दुसरं : संध्याकाळी कॉलनीतल्या तारेवर चातक. काळापांढरा, डोक्यावर तुरा. मोसमी वाऱ्याच्या आगेमागे आफ्रिकेतून येतो तो हाच. खाली बाभळीत सातभाईंचा गोंगाट चालू होता. त्यांच्याच घरट्यात तो अंडी घालणार.

---

सिडको_अमृता · १८ जुलै, रात्री ११:५५

घाईत लिहितेय. बाथरूममध्ये साप आहे, काळपट, अंगावर पांढरे पट्टे. सर्पमित्रांना फोन झालाय, येतायत. दार लावून घेतलंय, फटीला टॉवेल कोंबलाय. मण्यार आहे का? लांबून काढलेला फोटो जोडलाय.

---

नागवाट · १९ जुलै, रात्री १२:०४

दार लावलंत आणि टॉवेल कोंबलात, उत्तम. आता पुन्हा उघडून बघू नका.

फोटोत पट्टे मानेपासूनच सुरू होतायत, पुढे ठसठशीत आहेत आणि शेपटीकडे पुसट होत गेलेत. रंग तपकिरी वाटतो. म्हणजे कवड्या असावा, बिनविषारी. मण्यारीचं उलट असतं : निळसर काळी, चकचकीत, पांढरे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीनं, मानेजवळ नसल्यासारखे आणि शेपटीकडे स्पष्ट. पाठीच्या कण्यावरचे खवले मोठे आणि षटकोनी. पण हे सगळं आपण नंतर शांतपणे बोलायचं. फोटोवरून मी कितीही खात्रीनं सांगितलं तरी साप घराबाहेर जाईपर्यंत ती मण्यार आहे असंच धरून वागा. मण्यारीचा दंश कित्येकदा दुखतही नाही, झोपेत चावल्याचं कळत नाही. घरात कोणी जमिनीवर झोपत असेल तर आजच पलंगावर झोपवा, मच्छरदाणी खोचून. कुणाला जरा जरी शंका आली तरी मंत्र, चिरा, आवळपट्टी यात वेळ न घालवता सरळ रुग्णालयात.

---

सिडको_अमृता · १९ जुलै, रात्री १२:५०

कवड्याच होता. सुखरूप नेला. हात अजून कापतायत. नोंद : १८ जुलै, रात्री ११:३५, पहिला मजला, खिडकीतून आला असावा, दिव्याखाली पाली होत्या. सासरे काठी घेऊन उभे होते, त्यांना थांबवलं याचं समाधान आहे.

---

सह्यभटक्या · ७ सप्टेंबर, सायंकाळी ७:४५

आजचा दिवस आयुष्यभर लक्षात राहील. अंजनेरीवर कंदीलपुष्प सापडलं! गवतात पाय घसरला, हात टेकायला खाली वाकलो आणि नाकासमोर फूल. फोटो जोडतोय. जागा : *[धागाकर्त्याच्या विनंतीवरून मजकूर काढला आहे]*

---

गोदाकाठ · ७ सप्टेंबर, रात्री ८:०२

अभिनंदन! पण जागेचं वर्णन कृपया आत्ता लगेच काढा. फोटोही काढा आणि त्यातलं ठिकाण पुसून पुन्हा चढवा, त्यात मोबाईलनं अक्षांश-रेखांश ठेवलेले असतात.

---

सह्यभटक्या · ७ सप्टेंबर, रात्री ८:३०

काढलं. पण मला हे पटलेलं नाही. धाग्याच्या पहिल्या प्रतिसादात "दिवस, वेळ, ठिकाण" लिहा असं तुम्हीच म्हटलंय. सासऱ्यांच्या मळ्याचं काहीच उरलं नाही म्हणून तुम्हाला झोप आली नाही. उद्या त्या उतारावर रस्ता आला आणि इथे हे झाड होतं हे सांगायला कोणी नसलं तर? लपवून ठेवलेली नोंद आणि न केलेली नोंद यात फरक काय?

---

तृणपर्ण · ७ सप्टेंबर, रात्री १०:१०

प्रश्न रास्त आहे, उत्तर जरा लांबेल.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. सेरोपेजिया, म्हणजे आपलं कंदीलपुष्प, याच्या सह्याद्रीतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. एका जातीला तर अंजनेरीचंच नाव आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. तुमच्या फोटोतली कोणती ते मी उघड्यावर लिहीत नाही, व्यक्तिगत निरोपात कळवते. या झाडांना जमिनीत कंद असतो. तो माणसंही खातात, साळिंदरही खातं. हौशी लोक कुंडीत लावायला उपटून नेतात आणि कुंडीत तो बहुतेक वेळा जगत नाही. आणि काही न उपटतासुद्धा नुकसान होतं. तुम्ही एकटे होतात, पाय घसरला. पुढच्या रविवारी चाळीस जण फोटोसाठी त्याच उतारावर गुडघे टेकतील. एवढ्याशा जागेत तेवढं पुरतं.

फूल नीट पाहिलंत का? खाली फुगीर कुपी, वर नळी, टोकाला पाकळ्या जुळून झालेला कंदील. बारीक माश्या वासाला भुलून आत उतरतात. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. काही काळानं केस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि माशी पराग घेऊन दुसऱ्या फुलाच्या कैदेत जाते. म्हणजे एका झाडानं भागत नाही. जवळपास दुसरं फुललेलं हवं, आणि माश्याही हव्यात. वस्तीतली चार झाडं गेली की उरलेली हिरवी दिसत राहतात, पण बी धरत नाही.

आता तुमच्या मुद्द्याकडे. नोंद लपवायची नाही, जागा झाकायची. आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं. बाकीच्यांना सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी पडलेला ठिपका दिसतो, नेमकी जागा तुमच्या खात्यात राहते. जात धोक्याच्या यादीत नसली तरी तुम्ही स्वतः तसं निवडू शकता. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा वनखात्याला नेमकी जागा लेखी कळवा, मी बरोबर येते. उद्या रस्ता आलाच तर कामाला येईल ती नोंद तिथली, आपल्या धाग्यातली नव्हे.

हाच नियम मांडूळ, खवल्या मांजर आणि घरट्यांना. मांडुळाच्या नावानं गुप्तधनाच्या भाकडकथा सांगून केवढा चोरटा व्यापार चालतो हे नागवाट सांगतील.

---

नागवाट · ७ सप्टेंबर, रात्री १०:४०

सांगतो. मांडूळ दिसलं की मी तालुकासुद्धा लिहीत नाही. शेपूट बोथट असते म्हणून दुतोंड्या म्हणतात, विष नाही, शेतातले उंदीर खातं. त्याला विकायला पकडणारी माणसं असे धागे वाचत असतात.

---

सह्यभटक्या · ८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

रात्री दोनदा वाचलं. माशीचं वाचून फोटो मोठा करून पाहिला. नळीतले केस दिसतायत! काल मी फक्त रंग पाहिला होता.

माझा राग जागा काढायला लावल्याचा नव्हता, माझं नाव त्या जागेला चिकटावं असं वाटत होतं त्याचा होता. तृणपर्ण मॅडम, वनखात्यात कधी जायचं ते कळवा. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर टाकलेला फोटोही रात्रीच काढलाय. तिघांनी तोवर पुढे पाठवला होता, त्यांना एकेक करून फोन केले.

---

घाटचालक · ३० सप्टेंबर, रात्री १२:३०

आठ महिन्यांची वही भरली. ते ससे मेले होते त्या वळणावर एकूण अकरा जनावरं. गोदाकाठ ताई, कागद कोणाला द्यायचा?

---

गोदाकाठ · ३० सप्टेंबर, सकाळी ७:१५

दादा, वही घेऊन या. अर्ज मी लिहिते, किलोमीटरचे दगड तुम्ही सांगा. एक प्रत वनखात्याला, एक रस्त्याच्या कार्यालयाला, आणि एक आपल्याजवळ. निफाडकरांनीही त्यांच्या वह्यांचे फोटो पाठवलेत, माझा भाचा ते टंकतोय.

---

जुना_नाशिककर · १४ एप्रिल, सकाळी ९:३०

पाणथळ मला डिसेंबरात अंजनेरीच्या पायथ्याला घेऊन गेले होते. दीड तास बसलो. तीन गिधाडं, कड्याच्या कडेनं, पंख न हलवता. त्याची नोंद त्यांनी केली, कारण तेव्हा माझा हात थरथरत होता.

आजची मात्र मी केली आहे. जशी वहीत आहे तशी उतरवतो.

दि. १४ एप्रिल. सकाळी ६:५० ते ७:२५. राखी धनेश, नर, १. चोचीत उंबराचं फळ. जुन्या झाडाच्या ढोलीपाशी आला, ढोलीचं तोंड लिंपलेलं, मधे बारीक फट. फटीतून मादीची चोच बाहेर आली. नरानं फळ दिलं. पुन्हा घशातून एकेक फळ वर काढून दिलं, एकूण ७ मोजली. नंतर पूर्वेकडे उडाला. हवा स्वच्छ, वारा नाही. कावळे २, साळुंक्या ५, खार १.

ठिकाण : नाशिक. झाड लिहीत नाही.